समोरच्याच्या बाजूचे भोईर सर

आमच्या सोसायटीत स्वतःच तक्रार करून स्वतःच ती हरलेला माणूस एकच आहे, आणि तो माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. भोईर सर.

झालं होतं असं, की सरांच्या वरच्या मजल्यावर मिश्रा राहतात. मिश्रांच्या कुंड्यांचं पाणी रोज सकाळी सरांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. नुसतं पाणी नाही, मातीचं पाणी. पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी ओघळ. शेवटी सरांनी सोसायटीकडे लेखी तक्रार दिली. मी सेक्रेटरी, म्हणजे कुणालाच व्हायचं नव्हतं म्हणून मी झाले, त्यामुळे ती तक्रार मी सभेत वाचली. मिश्रा बिचारे घामाघूम होऊन उभे राहिले आणि “वो क्या है ना” याच्यापुढे त्यांना काही सुचेना. तेव्हा भोईर सर उठले. म्हणाले, मिश्राजींची बाजू नीट मांडली जात नाहीये, मी मांडतो.

आणि मांडली. ऊन त्या एकाच बाजूला येतं. कुंड्यांत तुळस आहे, ती मिश्रांच्या म्हाताऱ्या आईने गावाहून आणली आहे. झाडाला पाणी घातलं तर ते खाली पडणार, वर कसं जाणार? आणि खालच्या माणसाने कपडे दहाच्या आत उचलले तर त्याचं काय बिघडतं? खालचा माणूस म्हणजे ते स्वतः. बोलता बोलता सरांचा आवाज असा काही लागला की दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला. ठराव झाला, की भोईर सरांनी कपडे दहाच्या आत उचलावेत. अनुमोदन भोईर सर. मी तो ठराव वहीत लिहिला आणि घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, या माणसाचं डोकं फिरलेलं आहे.

डोकं फिरलेल्या या माणसाबरोबर मी गेली चौदा वर्षं एकाच कॉलेजात नोकरी करते. अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कनिष्ठ महाविद्यालय आहे. मी भूगोल शिकवते, सर मराठी. दोघंही बदलापुरात राहतो, त्यामुळे जातायेता रिक्षा एकच. रिक्षात मी एखाद्याबद्दल तक्रार केली, की सर ऐकून घेतात, बाहेर रस्त्याकडे बघतात आणि शांतपणे म्हणतात, “आता त्याच्याकडून बघू.” झालं. पुढची पंधरा मिनिटं माझी नणंद, आमचे प्राचार्य, भाजीवाली, जो कोण असेल तो किती बरोबर आहे हे मला ऐकावं लागतं. किती वेळा वाटलं की उतरावं आणि चालत जावं.

एकदा कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी पडद्याचं कापड आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो होतो. आधी नेलेल्या कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात गेला होता, ते परत करायचं होतं. मी वाटेत सरांना दम देऊन ठेवला, तुम्ही बोलायचं नाही, मी बोलेन. दुकानदार सिंधी, गल्ल्यावर बसूनच मोठा झालेला. तो म्हणाला, मॅडम, धोने का तरीका गलत होगा. मी तोंड उघडणार एवढ्यात सर म्हणाले, तेही आहे. आम्ही गरम पाण्यात धुतलं. साबणही कडक होता. शिवाय यांच्याकडे माल सुरतेहून येतो, रंग काही हे स्वतः देत नाहीत. दुकानदार सरांकडे बघतच राहिला. शेवटी त्याने आम्हाला चहा पाजला आणि सरांना म्हणाला, रिटायर हो जाओ तो इधर आ जाना साहब, काउंटर पे आप जैसा आदमी चाहिए. कापड घेऊन आम्ही परत आलो. तेच कापड.

हे सगळं वर्गातून बाहेर सांडलेलं आहे हे मला बरंच उशिरा कळलं.

सर दर शनिवारी अकरावीचा एक जादा तास घेतात. मुलं त्याला ‘भांडणाचा तास’ म्हणतात. अभ्यासक्रमात तो कुठेही नाही. ग्रंथालयात एका जुन्या पातळ कादंबरीच्या अकरा प्रती आहेत, कव्हरं निघालेल्या. त्या वाटून वाचायच्या आणि त्या कादंबरीवर आपली बाजू मांडणारा निबंध लिहायचा. गोष्ट साधी आहे. राघो नावाचा नावाडी. नदीवर पूल होतो. होडीत कुणी बसेनासं होतं. शहरातला मुलगा, दत्तू, त्याला न्यायला येतो. राघो जात नाही, रिकाम्या होडीत बसून राहतो. सरांचा प्रश्न एकच, राघोने जायला हवं होतं का?

आता पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाई जुळवून सांगतायत. पण ही कादंबरी सर वीस वर्षं शिकवतायत. सरांचा मुलगा जयेश तेव्हा शाळेत होता आणि त्याला बंगळूर कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

निबंधाची सरांची पद्धत ठरलेली. पहिल्याच वाक्यात आपलं म्हणणं सांगायचं, गोल गोल फिरायचं नाही. मग पुरावा, आणि पुरावा म्हणजे पान. “राघो हट्टी होता” असं कुणी म्हटलं की सर विचारणार, कुठल्या पानावर? मग सगळ्यात महत्त्वाचं. समोरच्याचं म्हणणं आपण लिहायचं, आणि ते इतकं चांगलं लिहायचं की समोरचा वाचून म्हणाला पाहिजे, अरे, हे मला सुचलं नव्हतं. त्याला उत्तर नंतर. निबंध लिहून झाला की फळ्यापुढे दोन खुर्च्या मांडायच्या. एकीवर निबंध लिहिणारा, दुसरीवर सर, समोरचे म्हणून. मुलगा राघोच्या बाजूने असेल तर सर दत्तू होतात. दत्तूच्या बाजूने असेल तर राघो. वीस वर्षांत या खुर्चीत सरांना कुणी हरवलेलं नव्हतं.

यंदा एका मुलाने निबंध मोबाइलकडून लिहून आणला. त्यात राघोच्या होडीला इंजिन होतं आणि त्याची बायको जिवंत होती. वर्ग हसला. सर मात्र मोबाइलच्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, त्याच्याकडून बघा. त्या बिचाऱ्याने पुस्तक उघडलंही नाही, तरी न अडखळता दोन पानं लिहिली. धाडस लागतं. फक्त तू आणि तो यांच्यात काहीतरी फरक हवा ना रे, तू तर पुस्तक हातात घेऊन बसला होतास. तो मुलगा पुढच्या शनिवारी स्वतःच्या हाताने अर्धं पान लिहून घेऊन आला.

आणि यंदा वर्गात कशिश होती. उल्हासनगरची, चार नंबर कॅम्पात राहणारी. घरी सिंधी, रस्त्यावर हिंदी, आणि मराठी फक्त भोईर सरांशी. तिचा पहिला निबंध एका ओळीचा होता. “राघो गलत आहे, पूल झाला तर पुलावरून जायचं, बस.” सरांनी त्या एका ओळीखाली दीड पान लिहिलं. शेवटी लिहिलं होतं, तुझं म्हणणं पक्कं आहे, आता राघोकडून बघ. ती ते कागद घेऊन स्टाफरूममध्ये माझ्याकडे आली आणि म्हणाली, मॅडम, सर मुझपे गुस्सा हैं क्या? मी म्हटलं, बाळ, हा माणूस कुणावर रागावत नाही, तीच तर आमची पंचाईत आहे.

पंचाईत खरी सुरू झाली जानेवारीत. सर मेअखेरीला निवृत्त होणार होते. प्राचार्यांनी सांगितलं होतं, निवृत्तीनंतरही शनिवारचा तास घ्या, वर्ग तुमचाच. सर खूश होते. कशिश आणि तिच्याबरोबरची सहासात मुलं बारावीतही येणार म्हणून नाचत होती. आणि जयेशने बंगळूरहून ठरवून टाकलं, की पप्पा आता तिकडे एकटे राहणार नाहीत. फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि पप्पांनी बंगळूरला यायचं.

सरांना जायचं नव्हतं. हे मला त्यांनी रिक्षात सांगितलं, एकदा नाही, दहादा. मी म्हटलं, मग सांगा की त्याला. एक वाक्य आहे. सर म्हणाले, सांगणार आहे, येत्या रविवारी.

जयेशचा फोन रविवारी सकाळी यायचा. घरात रेंज नाही म्हणून सर बाल्कनीत येऊन बोलायचे, आणि आमची बाल्कनी त्यांच्या बाल्कनीला लागून. मी मुद्दाम ऐकत नव्हते, कढीपत्ता तोडत होते. सरांच्या हातात कागद होता. मुद्दे काढून बसले होते. पण पद्धत ती पद्धत. सर म्हणाले, “जयेश, आधी तुझं म्हणणं मी नीट मांडतो.” आणि मांडायला लागले. मी इथे पडलो तर कुणाला कळणार नाही. तिथे दवाखाना तुमच्या इमारतीखाली आहे. नातीला आजोबा मिळतील. तुझी बायको नोकरी करते, घरात एक मोठं माणूस असलेलं बरं. मला आता जिने चढताना धाप लागते, हे तर मी तुला सांगितलेलंही नाही. माझ्या हातातला कढीपत्ता तसाच राहिला. तिकडून जयेश म्हणाला असावा की पप्पा, मीटिंग आहे, पुढच्या रविवारी बोलू, कारण सर “बरं बरं” म्हणाले आणि फोन बंद झाला. कागदाची दुसरी बाजू उलटलीच गेली नाही.

असे आठ रविवार गेले. दर रविवारी जयेशच्या हातात दोन नवे मुद्दे पडत होते, आणि तेही वडिलांकडून. त्या पोराची काय चूक? त्याला वाटलं, पप्पा उड्या मारत तयार आहेत. मार्चच्या शेवटच्या शनिवारी मी येतो, तो म्हणाला, सामान बघू, भाडेकरूही बघून ठेवू.

सरांनी हे सांगितलं त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. रिक्षात बसल्या बसल्या मी सरांना फैलावर घेतलं. म्हटलं, तुम्हाला काय हौस आहे हो दुसऱ्याची वकिली करायची? हा काय तमाशा लावलाय? राहायचं नसेल तर जा, पण राहायचंय आणि निघालाय, हे काय? रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. सर बाहेर बघायला लागले. मला वाटलं, आता म्हणतील, त्याच्याकडून बघू. तसं म्हटलं असतं तर मी खरंच उतरले असते.

ते म्हणाले, “मॅडम, मी एकदा भांडण जिंकलो होतो. सुमनशी.”

सुमन म्हणजे त्यांची बायको. जाऊन सात वर्षं झाली. मी तिला ओळखत होते, म्हणजे जिन्यात भेटली की हसायची, एवढंच. गावाकडच्या, चामटोलीच्या घरातून बदलापूरच्या फ्लॅटमध्ये यायला ती तयार नव्हती. सरांनी तिला पाच मुद्दे सांगितले. पावसाळ्यात गावचा रस्ता जातो. जयेशची शाळा इकडे आहे. दवाखाना इकडे. नळाला पाणी. सरांचं कॉलेज जवळ. तिला एकालाही उत्तर देता आलं नाही. ती बोचकी बांधून आली.

“पाचही मुद्दे खरे होते,” सर म्हणाले. “पण ती त्यानंतर माझ्याशी कधी भांडलीच नाही. काही विचारलं की म्हणायची, तुम्ही म्हणाल तसं. मला वाटायचं, सुखात आहे. ती गेल्यावर एकदा बसलो, म्हटलं, तिची बाजू लिहून काढू. तिला का यायचं नव्हतं? मला पहिलं वाक्यसुद्धा लिहिता आलं नाही. अठरा वर्षं एका घरात राहिलो आणि मला ठाऊकच नव्हतं.”

म्हणून मग ते लागले वर्गाबाहेरही सगळ्यांच्या बाजू शिकायला. मिश्रांची, दुकानदाराची, माझ्या नणंदेची. मी त्यांना चक्रम म्हणत होते. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच पिशवीत रुमाल शोधत बसले. बदलापूर आलं तेव्हा एवढंच म्हटलं, की जयेशशी भांडलात तर तो काही गप्प होणारा मुलगा नाही, एकदा भांडून तर बघा. सर म्हणाले, बघतो. पण मला माहीत होतं, नाही जमणार.

मार्चचा शेवटचा शनिवार आला. सरांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. जयेश विमानतळावरून थेट बदलापूरला येणार होता, पण सर तासाला, मी कॉलेजात. मी त्याला फोन करून सांगितलं, अंबरनाथलाच उतर, किल्ली घे, हवं तर पप्पांना घेऊनच जा. खरं सांगते, यात माझा काही डाव नव्हता. तो आला तेव्हा भांडणाचा तास सुरू झाला होता. त्याने कधी वडिलांना शिकवताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, मॅडम, मागे बसू का थोडा वेळ? मी त्याला घेऊन शेवटच्या बाकावर बसले.

फळ्यापुढे दोन खुर्च्या. एकीवर कशिश, मांडीवर कादंबरी, तिच्यातून पेन्सिलच्या खुणा केलेली पानं वर आलेली. दुसरीवर सर. तिने यावेळी राघोची बाजू घेतली होती, म्हणून सर दत्तू. सरांनी जयेशला पाहिलं, हात हलवला, आणि दत्तू होऊन बोलायला लागले.

“बाबा, तू इथे पडलास तर मला कोण कळवणार? मी तिकडे कामावर असतो आणि माझा जीव इकडे टांगलेला. फोन वाजला की उचलायच्या आधी मी देवाचं नाव घेतो. तुला घेऊन जाणं हा हट्ट नाही बाबा, मला भीती वाटते.”

पहिल्या वाक्याला जयेश हसला होता, मुलांबरोबर. दुसऱ्याला हसला नाही. तिसऱ्याला तो बाकावर पुढे सरकला. फोन उचलायच्या आधी देवाचं नाव घेतो हे त्याने कधी वडिलांना सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण त्याचा चेहरा बघून कळत होतं, की ते त्याचंच होतं, आणि बापाने ते अगदी बरोबर ओळखलं होतं. सर दहा मिनिटं बोलले. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, झालं, आज तर मुलाच्या तोंडावर हरले.

मग कशिश उठली. आपला निबंध वाचायला लागली. मराठी अडखळत होतं, पण ती थांबत नव्हती.

“दत्तू चांगला मुलगा आहे. हे मी पहिले मान्य करते. पान एकोणीसवर तो बाबासाठी घोंगडी आणतो. पान चव्वेचाळीसवर औषध आणतो. त्याचं प्रेम खरं आहे. पण मी हे पुस्तक तीन वेळा वाचलं आणि दत्तूचे सगळे सवाल पेन्सिलने मार्क केले. दत्तू बाबाला सव्वीस सवाल विचारतो. जेवलास का. औषध घेतलं का. कधी निघायचं. सामान बांधलं का. पण बाबा, तुला काय पाहिजे, हा सवाल कुठल्याच पानावर नाही. राघोला विचारलंच नाही, तर तो सांगणार कसा? तो होडीत बसतो, कारण तिथे त्याला कोणी समजावत नाही.”

ती थांबली. सरांनी हात पुढे केला. त्यांनी तिच्या हातातली कादंबरी घेतली, पहिल्या पानापासून उघडली आणि पानं उलटत गेले. प्रत्येक खुणेपाशी थांबत होते. पुस्तक पातळ, तरी बराच वेळ लागला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कशिश घाबरली. म्हणाली, “सर, मेरा गलत है क्या?”

सरांनी चष्मा काढला. “नाही बेटा,” ते म्हणाले, “तो प्रश्न खरंच नाहीये. वीस वर्षं शिकवतोय मी हे पुस्तक, माझ्या लक्षात आलं नाही. तू मला हरवलंस.”

मुलांनी बाकं वाजवून वर्ग डोक्यावर घेतला. शेजारच्या वर्गातले सर बघायला आले, काय झालं म्हणून. भोईर सर इतके हसत होते की मी त्यांना कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कशिशच्या निबंधाखाली काहीतरी लिहिलं, तिने ते वाचलं आणि वही छातीशी धरून बसली. काय लिहिलं ते तिने आजवर कुणाला दाखवलेलं नाही.

बाकाच्या या टोकाला जयेश खाली मान घालून बसला होता.

तास सुटला. उन्हाचा कडाका होता, म्हणून रिक्षा पकडायच्या आधी आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या रसवंतीत शिरलो. रस आला. सर खुशीत होते, कशिशचंच चाललं होतं. सव्वीस, बघ, एकेक मोजला तिने. जयेशने ग्लासाला तोंडही लावलं नव्हतं.

“पप्पा,” तो म्हणाला, “तुम्हाला काय पाहिजे?”

सर गडबडले. ग्लास खाली ठेवला, परत उचलला. मग नेहमीसारखी सुरुवात केली, की तुझं म्हणणं बरोबर आहे, तू तिकडे, मी इकडे, तुला काळजी वाटणं साहजिक आहे, शिवाय नात...

“ते माझं झालं,” जयेश म्हणाला. “माझं मी सांगेन. तुमचं सांगा.”

मी रसाच्या ग्लासात बघत बसले. उठून जावं की नाही ते कळेना. चरकातून ऊस जात होता, तेवढाच आवाज. सर मुलाकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते, आणि बोलले तेव्हा त्यांच्या तोंडून चामटोलीची बोली आली, जी मी त्यांना फक्त त्यांच्या चुलतभावाशी बोलताना ऐकली होती.

“मना नाय यवाचं, जयेश. मना इथंच रव्हाचं हाय.”

कारण नाही, मुद्दे नाहीत, पान नाही.

जयेश म्हणाला, “बरं.”

एवढंच. आठ रविवार आणि माझा अर्धा किलो कढीपत्ता वाया गेला होता, आणि काम एका ‘बरं’मध्ये झालं. मला हसू यायला लागलं. आता उठावं म्हणून मी पर्स उचलली, पण सरांचं संपलं नव्हतं.

“आणखी एक आहे,” ते म्हणाले. आता परत नेहमीच्या भाषेत, पण हळू. “रविवारी तू फोन करतोस. जेवलात का विचारतोस, गोळी घेतली का विचारतोस, मी हो म्हणतो. मग तू ठेवतोस. मी सकाळी सहापासून आंघोळ करून बसलेला असतो रे. इतक्या लवकर नको ठेवत जाऊस.”

जयेशने ओठ घट्ट मिटून घेतले होते, लहान मुलं रडू आवरताना मिटतात तसे. रसवाल्याने आणखी देऊ का म्हणून विचारलं. जयेशने दोन बोटं दाखवली आणि बाकावर सरकून बापाला चिकटून बसला.

“आज मला कुठेही जायचं नाहीये पप्पा,” तो म्हणाला. “बोला.”

सर बोलायला लागले. मी माझा ग्लास उचलला आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.